डोक्यातली कामं कागदावर उतरवा

‘दिवस कुठे जातो कळतच नाही.’ ‘एक काम हातावेगळं करावं तर दोन पुढ्यात येऊन पडतात.’ ‘रात्री पाठ टेकली की राहिलेलं सगळं एकदम आठवतं.’ हल्ली घराघरांत हे ऐकायला मिळतं. दोघंही नोकरी करणारी, मुलं शाळेत जाणारी आणि आईवडील सत्तरीच्या पुढे गेलेले असं घर असेल, तर जरा जास्तच. अशा घरातली माणसं आळशी नसतात. उलट सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत ती पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत असतात, आणि तरीही आपण कुठेच पुरे पडत नाही, असं त्यांना वाटत राहतं.

या लेखापुरतं आपण एक घर डोळ्यांसमोर ठेवू. समजा, डोंबिवलीत राहणारं जोडपं. दोघांची ऑफिसं मुंबईत. मुलगी पाचवीत. सासूबाई सोबत राहतात, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तुमचं घर नाशिकला, सांगलीला किंवा पणजीला असेल. तपशील बदलतील, पण ओढाताण ओळखीची वाटेल.

हात अधिक वेगाने चालवून ही ओढाताण सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे. जो पटापट उरकतो त्याच्याकडेच पुढचं काम येतं, घरातही आणि ऑफिसातही. उपाय तीन आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कामं डोक्यातून बाहेर काढायची, मग ती कमी करायची आणि उरलेली नीट वाटून घ्यायची.

नेमकं काय कमी पडतंय?

स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. आत्ता या क्षणी कुणी तुम्हाला एक तास मोकळा दिला, तर काय कराल?

‘झोपेन’ किंवा ‘नुसती बसेन’ असं उत्तर आलं, तर तुमच्याकडे खरोखरच तास कमी आहेत. अंगावर झेपेल त्याहून जास्त काम आहे. तुम्हाला वेळापत्रकाचा फारसा उपयोग नाही. तुमची कामं कमी व्हायला हवीत आणि दुसऱ्या कुणीतरी ती उचलायला हवीत.

‘अरे देवा, कुठून सुरुवात करू?’ असं उत्तर आलं, तर कामांइतकीच डोक्यातली गर्दीही तुम्हाला दमवते आहे. तुम्हाला कागद-पेनापासून सुरुवात करायची आहे.

बहुतेकांचं उत्तर या दोहोंच्या मध्ये असतं. बायकांच्या बाबतीत पहिलं कारण किती मोठं आहे, हे सरकारी आकड्यांतच दिसतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात आढळलं. २०१९ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २९९ होता. म्हणजे पाच वर्षांत मिक्सर, वॉशिंग मशीन, घरपोच किराणा हे सगळं वाढूनही बाईच्या वाट्याचं काम दहाच मिनिटांनी कमी झालं. तेव्हा ‘मलाच जमत नाही, बाकीच्या कशा करतात’ असं म्हणून स्वतःला बोल लावणं आधी थांबवा.

सगळं एकदा कागदावर

शनिवारी किंवा रविवारी वीस मिनिटं काढा. पाठकोरे कागद घ्या आणि डोक्यात जे जे आहे ते उतरवा. क्रम नको, वर्गवारी नको, सुवाच्य अक्षरही नको. आपल्या डोंबिवलीच्या घरातली यादी साधारण अशी होईल: गॅस बुक करणे. मुलीचे बूट घट्ट झालेत. आईंना डॉक्टरांकडे न्यायचंय. सोसायटीचा मेंटेनन्स. मावशीच्या नातवाचं बारसं, आहेर. बाथरूमचा नळ गळतोय. पीएफचं नॉमिनेशन. शाळेचा सौरमालेचा प्रकल्प. उन्हाळ्याचं रेल्वे आरक्षण. दाढ दुखते.

यादी लांबली की घाबरायला होतं, पण तो घाबरेपणा थोडा वेळच टिकतो. कागदावर आल्याने काम वाढत नाही. ते आधीपासूनच होतं, आणि तुम्ही ते दिवसभर वागवत होतात.

आता दुसरी पायरी, आणि याद्या करणारे बरेच जण नेमकी हीच गाळतात. प्रत्येक कामापुढे त्याचं पहिलं पाऊल लिहा, तेही कधी उचलायचं त्यासकट. ‘आईंना डॉक्टरांकडे न्यायचंय’ हे असं नुसतं लिहिलं तर ते महिनाभर तसंच पडून राहील. ‘बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात फोन करून शनिवारची वेळ घेणे’ असं लिहिलं की ते काम हातात धरता येतं. ‘दाढ दुखते’ हे दुखणं झालं. ‘गुरुवारी येताना स्टेशनजवळच्या डेंटिस्टकडे नाव नोंदवणे’ हे काम झालं.

यामागे आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की अर्धवट राहिलेल्या कामाचे विचार माणसाच्या दुसऱ्या कामात लुडबुड करतात. मात्र ते काम कधी आणि कसं करायचं याची नेमकी आखणी केली, की काम पुरं झालेलं नसतानाही ही लुडबुड ओसरते. मनाला तेवढी हमी पुरते.

रात्री झोप लागत नसेल, तर हाच उपाय लहान प्रमाणात करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. म्हणून उशाशी वही ठेवा. मोबाइलवर नोंद करायला गेलात, तर आधी मेसेज दिसतील आणि झोप आणखी लांबेल.

दिवसात मावतं किती?

यादी झाली की लगेच ‘उद्या ही आठ कामं’ असं ठरवायचा मोह होतो. त्याआधी दिवसाचा खरा हिशेब मांडा.

डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकल तासा-सव्वा तासात पोहोचते. पण आपला प्रवास घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा असतो. त्यात रिक्षाची रांग आली, स्टेशनचा जिना आला, गर्दीमुळे सोडून दिलेली गाडी आली आणि उतरल्यावरची चाल आली. जाता-येता मिळून साडेतीन तास धरा. ऑफिसचे नऊ तास. झोपेचे सात. चोवीसातून हे वजा केले तर साडेचार तास उरतात. त्यात दोन वेळचा स्वयंपाक, डबे, अंघोळी, जेवणं, मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंशी चार शब्द. एवढं झाल्यावर हातात राहिली तर अर्धा-पाऊण तास राहतो.

या हिशेबातून एक नियम निघतो: कामाच्या दिवशी नेहमीच्या रहाटगाडग्याखेरीज एकच जादा काम. सोमवारी गॅस आणि मेंटेनन्स ऑनलाइन भरणं, हे एकच काम समजा. मंगळवारी बूट. बुधवारी फोन. आठवड्याची पाच कामं झाली, तर महिन्याला वीस होतात आणि ती खरोखर पार पडतात. रोज आठ ठरवून दोन झाली, की सहा राहिल्याची टोचणी घेऊन माणूस झोपतो.

कामाला लागणारा वेळही आपण हमखास कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच ही माणसाची खोड मांडली होती. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील, हे विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. म्हणून मनात येणाऱ्या वेळेची दीडपट करायची सवय लावा. बँकेत अर्धा तास लागेल असं वाटलं, तर पाऊण तास धरा. काम लवकर झालंच, तर तो वेळ तुमचा.

नाही म्हणायचं, तर कोणत्या शब्दांत?

आता यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येक कामाला विचारा: हे केलंच नाही तर काय होईल? काही कामांना उत्तर येईल, ‘दंड बसेल’, ‘दुखणं वाढेल’. ती ठेवा. काहींना उत्तर येईल, ‘काही होणार नाही, फक्त लोक काय म्हणतील’. त्यांतली निम्मी तरी खोडा. मुलीच्या वाढदिवसाला चाळीस माणसं बोलवण्याऐवजी तिच्या सहा मैत्रिणी बोलवल्या, तर तिचा आनंद कमी होत नाही. दिवाळीचे सगळे जिन्नस घरीच व्हायला हवेत असं नाही. दोन आवडीचे घरी करा, बाकीचे बाहेरून आणा.

आपल्याकडे खरी अडचण शब्दांची असते. तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून माणूस ‘बघू’, ‘प्रयत्न करते’ असं म्हणतो. समोरचा त्याचा अर्थ होकार असा घेतो, आणि नंतर दोघंही दुखावतात. म्हणून वाक्यं आधीच तयार ठेवा.

साहेबांना: ‘सर, हे आणि कालचं स्टेटमेंट, दोन्ही आज पूर्ण होणार नाहीत. आधी कोणतं देऊ?’ यात तुम्ही काम टाळलेलं नाही. क्रम ठरवण्याची जबाबदारी जिथली तिथे दिलीत.

सोसायटीच्या सेक्रेटरींना: ‘काका, गणपतीत मी एक संध्याकाळ प्रसादाचं बघेन. समितीत मात्र या वर्षी नाव नको.’ जेवढं जमेल तेवढं स्पष्ट सांगितलं, की उरलेला नकार बोचत नाही.

नातलगांना: ‘मावशी, बारशाला येणं जमणार नाही. पुढच्या रविवारी बाळाला बघायला नक्की येतो.’ असं सांगितलंत तर त्या रविवारी जायचंच. पाळायचा नसलेला वायदा देऊ नका, नाहीतर तो नवं ओझं होऊन बसतो.

नकार देताना लांबलचक कारणं सांगू नका. कारण सांगितलं की त्यावर तोडगा सुचवला जातो आणि तुम्ही पुन्हा अडकता.

काम वाटायचं तर पूर्ण वाटायचं

अनेक घरांत नवरा काम करतो, पण सांगितल्यावर. ‘तू फक्त सांग, मी करतो’ हे वाक्य प्रेमानेच म्हटलेलं असतं. तरीही त्याने भार फारसा हलका होत नाही. का, ते एका कामाच्या आत शिरून पाहू.

सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. पाकिटात चारच गोळ्या उरल्यात, हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. मागच्या वेळी डॉक्टरांनी मात्रा बदलली होती, म्हणजे जुनी चिठ्ठी चालणार नाही, हे ध्यानात असावं लागतं. नेहमीचं मेडिकल रविवारी दुपारी बंद असतं, म्हणजे शनिवारीच आणायला हव्यात. मग त्या आणायच्या. त्यानंतर सकाळ-संध्याकाळच्या डबीत भरायच्या आणि आई त्या घेतात ना, हे बघायचं. यातलं ‘आणणं’ हे पाच मिनिटांचं काम नवऱ्याकडे असतं. बाकीचं सगळं बायकोच्या डोक्यात चालू असतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये मांडला. घरकामाच्या या न दिसणाऱ्या भागाचे त्यांनी चार टप्पे सांगितले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि काम नीट झालं का ते पाहत राहणं. त्यांतला पहिला आणि शेवटचा टप्पा विशेषकरून बायकांकडे असतो, असं त्यांना आढळलं. आपल्या घरांत याहून वेगळं चित्र क्वचितच दिसेल.

म्हणून काम देताना चारही टप्पे द्या. रात्रीची जेवणं झाल्यावर शांतपणे बोला: ‘आईच्या गोळ्या आजपासून पूर्ण तुझ्याकडे. संपत आल्यात हे बघणं, डॉक्टरांची तारीख, डबी भरणं, सगळं. मी आठवण करणार नाही.’ औषधाचं काम नाजूक असल्याने चिठ्ठीची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि पहिले पंधरा दिवस दोघांनीही लक्ष ठेवा. त्यानंतर मात्र हात काढून घ्या.

हात काढून घेणं बऱ्याच जणींना जड जातं. त्याने भाजी निवडली तर दोन देठ जास्त राहतील, मुलीची वेणी वाकडी होईल. होऊ द्या. दुसऱ्याच्या पद्धतीत खोट काढत राहिलात, तर चार दिवसांत ते काम तुमच्याकडे परत येईल. महिनाभर न बोलता चालू द्या आणि मग काय बदलायचं ते दोघं मिळून ठरवा.

पुरुष वाचकांना कळकळीने सांगतो, बायकोने सांगण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात घरातलं एक काम निवडा आणि ते मुळापासून शेंड्यापर्यंत स्वतःकडे घ्या. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या, किराणा घ्या किंवा आपल्याच आईचं औषधपाणी घ्या. घरातला ताण यातून जेवढा कमी होईल, तेवढा कोणत्याही भेटवस्तूने होणार नाही.

मुलांनाही वाटा द्या. दहा वर्षांची मुलगी आपली पाण्याची बाटली भरू शकते, दप्तर लावू शकते, वाळलेले कपडे घडी करू शकते. मुलगा असला तरी तेच. आजी-आजोबांची तब्येत बरी असेल, तर कोणतं काम करायला आवडेल ते त्यांना विचारा. शेंगा सोलणं, नातवंडाला पाढे म्हणायला लावणं, दूधवाल्याचा हिशेब ठेवणं यातून त्यांचाही दिवस भरतो. मात्र गृहीत धरू नका, विचारा.

थोडा वेळ विकत घेता येतो

गावोगावी आता पोळी-भाजी केंद्रं निघाली आहेत. लोकलच्या डब्यात निवडलेल्या भाजीच्या पिशव्या मिळतात. आठवड्यातून दोन दिवस पोळ्या बाहेरून आणल्या, तर त्या संध्याकाळी पाऊण तास मोकळा होतो. तरीही पुष्कळ घरांत हे करताना मन खातं. स्वयंपाक म्हणजे प्रेम, असं आपण धरून चाललेलो असतो. पण दमून, चिडून लाटलेल्या पोळीपेक्षा विकतची पोळी आणि सोबत शांत चेहरा, हे मुलांना जास्त हवं असतं.

२०१७ मध्ये अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्स या देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नावडतं काम टाळून वेळ मिळवण्यासाठी पैसे खर्च करणारी माणसं आयुष्याबाबत अधिक समाधानी असल्याचं त्यात दिसलं. तिकडची घरं आणि पगार वेगळे आहेत, पण मुद्दा आपल्यालाही लागू आहे. नवा पडदा किंवा चौथी साडी घेण्याआधी त्याच पैशात महिन्याचे किती तास सुटतील, हा हिशेब करून बघा.

इथे एक गोष्ट विसरायची नाही. तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनाही स्वतःचं घर आहे आणि दिवसाचे तेवढेच तास आहेत. त्यांना योग्य पैसे, ठरलेली सुट्टी आणि वेळेवर पगार द्या. आपला वेळ वाचवताना त्यांची ओढाताण वाढू नये.

पैशाची सोय नसेल, तर शेजारधर्म उपयोगी पडतो. मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायची पाळी तीन घरांनी वाटून घेतली, तर प्रत्येकीच्या आठवड्यातल्या तीन-चार सकाळी सुटतात.

कायद्याने मिळालेलंही मागून घ्या. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. तिने पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तुमच्या ऑफिसात ती नसेल, तर चार सहकाऱ्यांनी मिळून लेखी विचारा.

फोनला वेळा ठरवून द्या

फोनमुळे दिवस किती वाया जातो, यावर सगळे बोलतात. मला त्याहून मोठा तोटा वेगळा वाटतो. हातातलं काम सोडून मेसेज पाहिला की परत आल्यावरही मनाचा एक तुकडा त्या मेसेजमध्येच राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं: पहिलं काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचं दुसरं कामही खालावतं.

फार कडक नियम टिकत नाहीत, साधे करा. घर, शाळा आणि ऑफिस सोडून बाकी ग्रुप म्यूट करा. ते दिवसातून दोनदा बघायचे, एकदा लोकलमध्ये आणि एकदा जेवणानंतर. तातडीचं असेल तर फोन करा, असं नातलगांना सांगून ठेवा. स्वयंपाक करताना आणि मुलीचा अभ्यास घेताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

रविवारची वीस मिनिटं

हे सगळं टिकवायचं तर आठवड्यातून एकदा घराची बैठक हवी. रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांनी एकत्र बसा. समोर भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेच्या चौकटींत दुधाचे लिटर आणि सिलिंडरच्या तारखा लिहायची सवय आपल्या घरांना आहेच. त्याच चौकटींत पुढच्या आठवड्याचं लिहा: कुणाला उशीर होणार आहे, शाळेत काय आहे, डॉक्टर कधी, रोजचं एक जादा काम कोणतं आणि ते कोण करणार. प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव लिहा. ‘आपण करू’ असं लिहिलेलं काम शेवटी घरातल्या एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतं, आणि ती व्यक्ती कोण हे सांगायला नको.

बैठकीत दोन चौकटी मुद्दाम कोऱ्या ठेवा. ताप येतो, पावसात गाड्या बंद पडतात, पाहुणे येतात. अशा वेळी या कोऱ्या चौकटींमुळे आठवडा कोलमडत नाही. काही झालंच नाही, तर ती संध्याकाळ विश्रांतीची. ती कामाने भरू नका.

जीव घाबराघुबरा होतो तेव्हा

कितीही आखणी केली तरी एखाद्या दिवशी सगळं एकदम अंगावर येतं. छातीत धडधडतं, काही सुचेनासं होतं. त्या वेळी मोठं काही ठरवू नका. आधी बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. असं आठ-दहा वेळा करा. मग जवळच्या कुठल्याही कागदावर, अगदी बिलाच्या पाठीवर, आजच करायलाच हवीत अशी कामं लिहा. बहुतेकदा ती तीनच्या वर जात नाहीत. त्यांतलं सर्वांत छोटं आधी करा आणि संपलं की त्यावर रेघ मारा. उरलेल्यांपैकी एखादं पुढे ढकलायचं असेल, तर संबंधित माणसाला लगेच कळवा: ‘आज नाही जमणार, उद्या अकरापर्यंत देतो.’ न कळवलेल्या उशिराचं ओझं खुद्द उशिरापेक्षा मोठं असतं.

मदत कधी घ्यायची?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल किंवा फार वाढली असेल, जेवण जात नसेल, आवडत्या गोष्टींतही रस वाटत नसेल, तर वेळेच्या नियोजनाने भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा. नुसता थकवा असला तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेण्याबद्दल त्यांना विचारा. अनेक बायका वर्षानुवर्षं अंगातलं रक्त कमी असताना स्वतःलाच आळशी समजत राहतात.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, तर क्षणभरही थांबू नका. तिथे फोन करा आणि घरातल्या किंवा जवळच्या एका तरी माणसाला सांगा.

या आठवड्यात एवढंच करा

वर सांगितलेलं सगळं एकदम करायला गेलात, तर यादीत आणखी दहा कामांची भर पडेल. म्हणून या आठवड्यात तीनच गोष्टी करा. शनिवारी कागद घेऊन सगळी कामं उतरवा. त्यांतली दोन कायमची खोडा. आणि एक काम, त्याच्या सगळ्या काळजीसकट, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती सोपवा. महिनाभराने दुसरं काम सोपवा. एकट्या माणसाने सगळं घर तोलून धरणं यात मोठेपणा नाही, आणि ते करताना तो माणूस आतून झिजत जातो. घर सगळ्यांचं आहे, तर त्याची काळजीही सगळ्यांनी वाहायची. हे स्वच्छ शब्दांत, न रागावता मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो या रविवारपासून वापरायला लागा.